विनापरवाना धवले

आमच्या टॉवरच्या मागच्या भिंतीपलीकडे हळदीला डीजे लागला, की माझ्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या वाट्या थरथरतात आणि बायको देवघरातली समई हाताने धरून उभी राहते. या डीजेला परवाना असतो. भिंतीपलीकडच्या खरवई गावात कुणालाही विचारा, "परमिशन हाय ना" म्हणून खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवतील. ध्वनिक्षेपकाचा परवाना, खाली अटी. अटी कुणी वाचत नाही. मी वाचल्यात, निवृत्त माणसाकडे तेवढा वेळ असतो. त्यातली एकही पाळली जात नाही आणि हे परवाना देणाऱ्यालाही ठाऊक असतं. मला या सगळ्याचा वीट आलाय. पण मी जे सांगणार आहे त्यात सगळ्यात किळसवाणा माणूस डीजेवाला नाही, मी आहे. तेव्हा त्याला इथेच सोडतो.

अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात मी तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. प्रेशर, तापमान, फ्लो, सगळ्यांचे काटे खरं बोलतात की नाही हे बघायचं, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर बदलापुरात खरवईच्या बाजूला फ्लॅट घेतला आणि गॅलरीत सोल्डरिंग आयर्न मांडून बसलो. रेडिओचा नाद कॉलेजपासूनचा. दुसऱ्यांचे बिघडलेले रेडिओ उघडता उघडता आपला स्वतःचा आवाज हवेतून जावा अशी खाज सुटते. ती मला चाळीस वर्षं होती, आणि बायकोच्या धाकाने मी ती खाजवली नव्हती.

आमचा टॉवर ज्या शेतावर उभा आहे ते शेत जिच्या सासऱ्याचं होतं, ती बाई आमच्याच गेटाबाहेर भाजी घेऊन बसायची. वाल, तोंडली, शेवग्याच्या शेंगा, पावसाळ्यात टाकळा. तिचं कौलारू घर अजून भिंतीला लागून आहे. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. ती धवलारीण आहे हे मला दोन वर्षांनी कळलं. आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारणीवाचून पान हलत नाही. जात्यावर हळद दळायची, मांडवाची मेढ रोवायची, नवऱ्याला न्हाऊ घालायचं, प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, ते तिने म्हणायचं आणि बायकांनी मागून ओढायचं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. कुठे लिहिलेले नसतात. मावशीला ते तिच्या आत्याकडून आले होते.

लग्नाच्या घरून धवलारणीच्या दारात नारळ-सुपारी घेऊन बोलावणं यावं लागतं. त्या बोलावण्यावर तिचा मान. मावशीचे गुडघे गेले तेव्हापासून बोलावणी कमी झाली होती. एका दिवशी गावात तीन तीन हळदी असायच्या, तीन मांडवांत ती जाणार कशी? मग एखाद्या घरचे लोक फोनवरच कुठलं तरी गाणं लावून विधी उरकायचे. "एक दिस मना बोलवाचंच सोरून देतील," ती मला तोंडली तोलताना म्हणाली. "मंग मी निस्ती भाजीवाली." हे बोलताना ती रडली वगैरे नाही. पण तिला भीती कसली होती ते मला पक्कं समजलं, आणि मला माझ्या खाजेला एक चांगलं निमित्त सापडलं.

उल्हासनगरला कॅम्पातल्या एका सुट्या भागांच्या दुकानात गेलो. मालक सिंधी, माझा जुना ओळखीचा. मी चाचरत सांगितलं की छोटा एफएम ट्रान्समीटर हवाय, गावातल्या गावात ऐकू येण्यापुरता. त्याने काडेपेटीएवढा बोर्ड काढून काउंटरवर ठेवला. "साईं, ये तो खिलौना है. इतने छोटे को कौन पूछता है?" मला हेच ऐकायचं होतं. मी बोर्ड घेतला.

आता खरं सांगायचं तर मला सगळं माहीत होतं. आमच्या कारखान्यातला एक जण हॅम आहे, म्हणजे परीक्षा देऊन हौशी वायरलेसचा परवाना घेतलेला. त्याला मी आधीच फोन केला होता. तो म्हणाला, "अरे, मला परवाना आहे तरी मी फक्त दुसऱ्या हॅमशी बोलू शकतो. गावाला गाणी ऐकवायची परवानगी मलासुद्धा नाही. सामुदायिक रेडिओ म्हणशील तर तो संस्थेला मिळतो, एकट्या माणसाला नाही, आणि त्याच्या कागदांत तुझी उरलेली हयात जाईल. आणि एक लक्षात ठेव. नुसतं ते यंत्र जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. चालू असो, बंद असो." मी म्हणालो, पण पॉवर अगदीच कमी आहे रे. तो म्हणाला, "एफएमच्या पट्ट्यात कमी-जास्त नसतं. परवाना असतो किंवा नसतो." फोन ठेवल्यावर मी स्वतःशी काय म्हटलं ते मला लख्ख आठवतं. म्हटलं, हा पहिल्यापासून घाबरट.

गावात मी हा विषय काढला तर कुणाच्या कपाळावर आठी नाही. हळद ठरलेल्या एका घरी नवऱ्या मुलाच्या काकाने तोच घडी घातलेला ध्वनिक्षेपकाचा कागद काढला. "परमिशन हाय ना आपल्याकरं. आवाजाचीच हाय. रेडिओ म्हंजी काय, आवाजच." त्या माणसाला खरोखर तसं वाटत होतं. इकडे आवाज म्हटलं की एकच कागद, पोलीस ठाण्यातून आणायचा आणि मांडवाच्या खांबाला अडकवायचा. मला तसं वाटत नव्हतं. तरी मी मान डोलावली. अज्ञान त्याचं होतं आणि सोय माझी झाली.

यंत्र ठेवलं मावशीच्या घरात. का, तर तिचं घर उंचवट्यावर आहे, आणि अंगणातल्या चिकूवर तार टाकता येते. हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. दुसरं कारण कुणालाच सांगितलं नाही: बाळगणं हा गुन्हा असेल तर ते माझ्या घरात नको. आमच्या मुलीला परदेशात दिवस गेले होते, बाळंतपणाला आम्ही दोघं जाणार होतो, आणि माझ्या पासपोर्टचं नूतनीकरण अर्ध्यावर होतं. पोलीस चौकशी यायची होती.

पहिल्या दिवशी तीन मांडव होते. मी बोर्ड पोह्यांच्या जुन्या डब्यात बसवला, डबा माळ्यावर ठेवला आणि मावशीपुढे मायक्रोफोन धरला. ती त्याच्याकडे पाहून पदर सारखा करून बसली, जणू समोर पाव्हणे आहेत. मग तिने हळद दळायचा धवला सुरू केला. म्हाताऱ्या घशातून आवाज खरखरीत निघत होता, पण कुठेही अडत नव्हता. मी पळत पळत तिन्ही मांडव फिरून आलो. तिन्हीकडे ब्लूटूथ स्पीकर एफएमवर लावून जात्याशेजारी ठेवला होता आणि बायका तिच्यामागून ओळी ओढत होत्या, तीन ठिकाणी, एकाच वेळी. परत आलो तर तिने पहिला प्रश्न विचारला, "धाकल्या आळीन आयकला का?" धाकट्या आळीत तिचं माहेर. ऐकला म्हटल्यावर ती हसली आणि पाणी प्यायली. त्या मोसमात तिच्या दारात सतरा नारळ आले. तिने ते मला मोजून दाखवले. मला कोण अभिमान वाटला. आता तो आठवला तरी तोंड कडू होतं.

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, मुंबईला मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या गाडीतल्या रेडिओवर, आमच्या पार्किंगमध्ये, त्यांच्या नेहमीच्या गाण्यांच्या जागी एक म्हातारी हळद दळू लागली. ग्रुपवर संदेश आला की आपल्या परिसरात कुणीतरी बेकायदेशीर प्रक्षेपण करतंय, हा देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. खाली अंगठ्यांची रांग. ज्यांच्या खिडक्यांच्या काचा डीजेने थडथडतात, ज्यांची लेकरं परीक्षेच्या आदल्या दिवशी कानात कापूस घालून अभ्यास करतात, त्या लोकांना डीजेविरुद्ध आजवर एक ओळ लिहायची छाती झाली नव्हती. कारण डीजेवाला कुणाचा माणूस आहे ते माहीत. म्हातारीच्या मागे कुणी नाही हेही माहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आमच्या सोसायटीने ठराव करून पास केली. रविवारी सकाळी सभा झाली, पोलिसांकडे तक्रार द्यायचं ठरलं, सेक्रेटरीने वही फिरवली. मी समितीवर आहे. माझी सही चौथी आहे.

का केली? नाही केली असती तर विचारलं असतं, का नाही केली. एवढंच. सभेनंतरचे समोसेही खाल्ले मी.

मला वाटलं होतं तक्रार कुठल्या तरी टेबलावर पडून राहील. आठ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, दोन पोलीस मावशीच्या दारात उभे राहिले. मी माळ्याशी शिडीवर होतो, हातात स्क्रू ड्रायव्हर, कारण दुपारी एका मांडवात मेढ रोवायची होती आणि तारेचा एक टाका सुटला होता. मावशी खाली पाटावर वाल सोलत बसली होती. हवालदार तरुण होता. त्याने डबा पाहिला, तार पाहिली, चिकू पाहिला.

"हे कोणाचं?" त्याने विचारलं.

मी शिडीवरून उतरलो. उतरायला चार पायऱ्या होत्या, आणि चारही पायऱ्यांवर मला बोलायला वेळ होता. मुलगी डोळ्यांपुढे आली, पासपोर्ट आला, विमानाची तिकिटं आली. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे पाहत होतो.

"माज्या घरान हाय," ती म्हणाली. "मंग माजाच."

हवालदार माझ्याकडे वळला. "आणि काका तुम्ही?"

"शेजारी," मी म्हणालो. "तिला शिडी चढवत नाही म्हणून."

ठाण्यात तिला रिक्षाने नेलं. मीही गेलो, मदत म्हणून. अंमलदार दमलेला माणूस होता, त्याच्यापुढे आधीच कुणाची तरी मोटारसायकल हरवली होती. त्याने डबा उघडून पाहिला आणि झाकण परत लावलं. यंत्राचं काही लिहायचं म्हणजे पंचनामा, सील, वायरलेस खात्याला पत्र, दिल्लीपर्यंत कागद, आणि मग ही बाई कोर्टात. "एवढ्याशा डब्यासाठी कोण करत बसणार?" तो हवालदाराला म्हणाला. "तक्रार आवाजाची आहे असं धरा. हमीपत्र घ्या आणि सोडा आजींना." मग मला म्हणाला, "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्हीच लिहा तिच्या वतीने."

ठाण्यात असं चालतं. ज्याला लिहिता येतं तो शेजाऱ्याचं लिहितो, ज्याला येत नाही तो अंगठा देतो. मी बाकावर बसलो आणि लिहायला घेतलं. पहिल्या वाक्यात 'यंत्र' हा शब्द आला आणि मी थांबलो. यंत्र म्हटलं की उद्या कुणी वाचून विचारणार, कुठून आणलं, कुणी जोडलं, वाल सोलणाऱ्या बाईला सोल्डरिंग येतं का. मी तो कागद चुरगाळून दुसरा मागून घेतला. दुसऱ्यावर मी लिहिलं की, मी खाली अंगठा करणार, माझ्या गाण्याच्या आवाजाने आसपासच्या रहिवाशांना त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. यापुढे माझा धवला माझ्या घराबाहेर ऐकू जाणार नाही. तसे झाल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन.

यंत्राचा कुठे उल्लेख नाही. मी समाधानाने दोनदा वाचून पाहिलं. माझ्या दृष्टीने ती एक सुरक्षित पळवाट होती, तिच्यासाठी आणि माझ्यासाठी. तिच्यासाठी असं मी स्वतःला चार महिने सांगत होतो.

अंमलदाराने मान हलवली. मावशीला मी कागद वाचून दाखवला नाही, हवालदाराने थोडक्यात सांगितलं, "आजी, आता गाणंबिणं बंद हां." तिने शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला, आणि बोट पदराला पुसलं. एक झेरॉक्स तिच्या हातात दिली. डबा हवालदाराने माझ्या हातात दिला. "काका, भंगारात टाका हा." म्हणजे गुन्हा तिचा आणि माल मला परत. मी तो पिशवीत घालून घरी आणला आणि बायकोला म्हणालो, मिटलं.

पंधरा दिवसांनी तोच हवालदार माझ्या पासपोर्टच्या चौकशीला आला. सोफ्यावर बसला, चहा घेतला. "काका, तुमच्यावर काही केस वगैरे?" विचारताना तो हसत होता, कारण ते विचारायची रीत आहे. मीही हसत नाही म्हणालो. नातू झाला तेव्हा आम्ही तिथे होतो. छान बाळ आहे.

परत आलो तोवर तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं आणि खरवईत मांडव पडायला लागले होते. मावशी गेटाबाहेर बसत नव्हती. दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्याकडे गेलो, मुलीने दिलेली चॉकलेटं घेऊन. ती ओटीवर बसली होती. मागच्याच आळीत हळद होती, डीजेची धडधड जमिनीतून पायांना लागत होती.

"मावशी, आज गेली नाहीस? पुतण्याच्याच घरची ना हळद?"

"नाय," ती म्हणाली. "नारल परत धारला." बोलावण्याचा नारळ परत पाठवणं म्हणजे काय हे मला तोवर कळत होतं. धवलारीण असं कधी करत नाही.

"का पण?"

"अंगठा दिलाय मी."

मी हसलो. खरंच हसलो, समजावणीच्या सुरात. "अगं, तो कागद त्या यंत्राचा होता. यंत्र लावायचं नाही, एवढंच. मांडवात बसून गायला तुला कोण अडवणार?"

ती उठली, भिंतीला धरत आत गेली, आणि देव्हाऱ्यामागून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली झेरॉक्स घेऊन आली. "सुनेने वाचून दावला मना. नातवाने बी वाचला. आता तू वाच."

मी वाचायला लागलो. माझा धवला माझ्या घराबाहेर ऐकू जाणार नाही, इथवर आलो आणि थांबलो.

"या कागदान मशीन कुठं हाय?" तिने विचारलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, रागाने नाही, तर एखादा हिशेब आपल्याला कळत नाही म्हणून शिकलेल्या माणसाकडे बघावं तशी. मग तिचं तिलाच समजलं असावं, कारण तिने कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी करून पिशवीत घातला आणि म्हणाली, "मना वाटला तू मना वाचवाला लिवतस."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. हे सांगतो ते स्वतःचं समर्थन म्हणून नाही, कारण पुढचं ऐकलंत तर ते उरणार नाही. हवालदार भेटला. मी म्हणालो, मागच्या मोसमातलं ते हमीपत्र चुकीचं आहे, यंत्र माझं होतं, तसा जबाब लिहून द्यायचाय, आणि त्या बाईला सांगा की तिच्या गाण्यावर बंदी नाही. तो म्हणाला, "काका, ती फाईल बंद झाली. आता तुम्ही लिहून दिलंत तर खरी केस होईल, तुमच्यावर. कशाला घाण उकरून काढता? जा घरी."

मला हायसं वाटलं. पायऱ्या उतरताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी मला स्वतःची अशी शिसारी आली की नाक्यावर रिक्षाला हात करायचाही धीर होईना. सोसायटीच्या लोकांची येते, तक्रार लिहिणाऱ्या साहेबाची येते, डीजेची तर येतेच. पण त्या सगळ्यांनी जे केलं ते आपापल्या नावाने केलं.

जबाब मी घरी लिहून ठेवला आहे. त्यात यंत्र आहे, दुकान आहे, पोह्यांचा डबा आहे, शिडी आहे, सगळं आहे. खाली सही करायची बाकी आहे. या मोसमात मावशीने चार नारळ परत पाठवले, पाचवा आलाच नाही.